दुनळीवरचा टॉर्च

मुलगी : ते सगळं मला नका सांगू. आधी तो टॉर्च काढा. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर.

मिस्त्री : ताई, आपटू नका हो काउंटरवर. बंदूक आहे ती, मुसळ नाही. सरका जरा, उघडून बघू दे मला... रिकामी आहे. चला, तेवढं तरी बरं. आणि अशी चादरीत गुंडाळून कुणी आणतं का? मला वाटलं गादी आणलीत दुरुस्तीला.

मुलगी : थट्टा सुचतेय तुम्हाला? काल संध्याकाळी हिच्या दोन्ही नळ्या माझ्या छातीवर रोखलेल्या होत्या. माझ्या घरात, माझ्याच बापाने.

मिस्त्री : काकांनी?

मुलगी : मग काय, मला चार बाप आहेत?

मिस्त्री : बसा. बसा आधी. पाणी देतो.

मुलगी : पाणी नको. पाना घ्या हातात.

मिस्त्री : घेतो ना. पण परवाना काकांच्या नावावर. बंदूक काकांची. काका म्हणाले बसव, मी बसवला. ते म्हणतील काढ, मी काढीन. उद्या तेच इथे येऊन माझ्या नावाने शंख करतील, तेव्हा तुम्ही असाल का मला वाचवायला?

मुलगी : ते बाहेर गाडीत बसलेत. माझ्याकडे पाठ फिरवून. "त्या मिस्त्रीच्या दुकानात पाऊल टाकणार नाही" म्हणाले. बघा तुम्ही, पाच मिनिटंसुद्धा दम निघायचा नाही त्यांना.

मिस्त्री : माझ्यावर का रागावले? मी काय केलं?

मुलगी : तुम्ही काय केलंत? एका म्हाताऱ्या माणसाच्या बंदुकीवर दिवा बसवलात आणि वर विचारताय काय केलं? मागे लागून बसवलात! "हल्ली सगळे बसवून घेतात, तुमचीच तेवढी राहिली" म्हणून.

मिस्त्री : मी? मी मागे लागलो? कोण म्हणतं?

मुलगी : बाबा म्हणतात.

मिस्त्री : शाबास! ताई, हे बघा, ह्याच स्टुलावर बसून काका मला काय म्हणाले ठाऊक आहे? "पोरगी कामावरून एकटी येते, मागची गल्ली अंधारी, घाबरते बिचारी. तिनेच हट्ट धरलाय, टॉर्च बसवून आणा म्हणून."

मुलगी : मी हट्ट धरला?

मिस्त्री : तुम्ही. मी म्हटलंसुद्धा, पोरीला एक चांगला हातातला टॉर्च घेऊन द्या की. तर मला म्हणाले, "तू तुझं काम कर, आमच्या घरात नाक खुपसू नकोस."

मुलगी : म्हणजे इथे माझं नाव आणि घरी तुमचं.

मिस्त्री : आणि मधल्या मधे आपण दोघं भांडतोय.

मुलगी : मी भांडणारच आहे. त्यांनी थापा मारल्या म्हणून तुम्ही सुटत नाही. तुम्हाला कळायला नको? घरातला माणूस टॉर्च कशासाठी वापरतो हो? काहीतरी बघायला ना?

मिस्त्री : हा बघायला नाही. मी समजावून दिलं होतं काकांना. हे पुढचं लाकूड आहे ना, त्याला खाली बटण लावलंय. मूठ आवळली की उजेड. आधी खात्री करायची, मग उचलायची, मग नेमावर उजेड.

मुलगी : आणि खात्री कशाने करायची? अंधारात?

मिस्त्री : ह्याच उजेडाने.

मुलगी : म्हणजे ज्याला बघायचं, त्याच्यावर आधी नळी रोखायची! असा दिवा तुम्ही घरात पाठवलात. माहीत आहे का, हे महिनाभर काय चाललंय आमच्याकडे? चष्मा सापडत नाही, काढ बंदूक. मांजर पलंगाखाली गेलं, काढ बंदूक. परवा फ्यूज गेला, वायरमन आला बिचारा. शिडीवर चढला, म्हणाला, "आजोबा, जरा उजेड दाखवता का?" आजोबांनी दाखवला. वरून जी उडी मारली त्याने, पक्कड आमच्या मीटरवरच राहिली अजून.

मिस्त्री : हसू नये, पण...

मुलगी : हसा. मीही हसले होते तेव्हा. दोन दिवस कामावर सगळ्यांना सांगत होते. काल माझ्यावर आली तेव्हा हसू गेलं माझं.

मिस्त्री : साधा टॉर्च नाही का घरात?

मुलगी : आहे. त्यातले सेल काढून त्यांनी रेडिओत घातले. "आता ह्याचं काय काम?" म्हणे.

मिस्त्री : आलेच बघा काका. काका, जपून—

वडील : अरे! काय हे! मोडला असता ना पाय माझा! ही पायरी कधी केलीस दारात?

मिस्त्री : कधी केली? काका, माझ्या वडिलांच्या वेळची आहे ती. तुम्ही दोघं हिच्यावर बसून चहा प्यायचात.

वडील : मग उंच केली असशील. सांगायचं नाही माणसाला? आणि तू गं? किती वेळ? गाडीत उकडून निघालो मी. झालं तुझं रडगाणं?

मुलगी : बरं झालं आलात. सांगा ह्यांना, मी कधी हट्ट धरला होता टॉर्चसाठी?

मिस्त्री : आणि हिला सांगा, मी कधी मागे लागलो होतो तुमच्या?

वडील : काय लहान पोरांसारखं लावलंय! कुणी म्हणालं काय आणि कुणी नाही काय. गरज होती, बसवला. एका हातात बंदूक, एका हातात टॉर्च, मग चाप काय नाकाने ओढू?

मुलगी : ओढायचा कशाला पण? कुणावर?

वडील : पाण्याची मोटर उचलून नेली तेव्हा कुठे होतीस? भिंतीला लागून, माझ्या उशापासून हाकेच्या अंतरावरून नेली. गल्लीतलं शेवटचं घर आपलं. मागे ते बंद गोदाम. कोण येतं, कोण जातं, पत्ता लागत नाही. उभी हयात बँकेच्या दारात ह्याच बंदुकीनिशी उभा राहिलो मी. डोळ्यात तेल घालून. एक पैसा हलला नाही, एक गोळी उडाली नाही. माणूस रस्त्याच्या पलीकडे असला ना, नुसत्या चालीवरून सांगायचो, हा पैसे भरायला आलाय, हा काढायला आलाय आणि हा मॅनेजरशी भांडायला. विचार ह्याला. ह्याचे वडील असते तर त्यांनी सांगितलं असतं.

मिस्त्री : ते खरं आहे ताई. वडील म्हणायचेच.

मुलगी : तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका! बाबा, बँक सुटली. आता तुम्ही घरी आहात. घरात पोलीस नाही, खजिना नाही. एक मी आहे आणि एक माझं लेकरू, ठकी.

वडील : तुमच्यासाठीच करतोय ना मी! की माझ्यासाठी? माझं काय नेणार आहे चोर? कवळी?

मुलगी : आमच्यासाठी करताय तर आमच्यावरच रोखता?

वडील : पुन्हा तेच! सकाळपासून टाळकं उठवलंय हिने. अरे मिस्त्री, तूच ऐक आणि तूच सांग. आमच्या घरात एक नियम आहे. हिच्या आईने घातलेला. मागच्या दाराने जो येईल, त्याने बाहेरून कडी दोनदा वाजवायची आणि मगच आत यायचं. ही शाळेत होती तेव्हापासून. ही वाजवायची, हिचा नवरा सुट्टीवर येतो तेव्हा वाजवतो, मी स्वतः वाजवतो. काल लाइट गेलेली. अंधारून आलेलं. मागचं दार कुरकुरलं. कडी नाही, हाक नाही, काही नाही. मी काय समजायचं? माझी सासू आली?

मिस्त्री : ताई, कडी वाजवली नाहीत?

मुलगी : नाही वाजवली.

वडील : बघ! कबूल करते आहे. चूक हिची, आणि मला इथे आणलंय गुन्हेगारासारखं.

मुलगी : हात मोकळा नव्हता माझा.

वडील : हाक मारायला हात लागतो?

मुलगी : हाक मारायची नव्हती मला.

वडील : ऐक! मारायची नव्हती म्हणे. महाराणी!

मिस्त्री : काका, जरा दमानं. ती सांगतेय ना काहीतरी.

वडील : काय सांगतेय? काहीच झालं नाही. मूठ आवळली, उजेड पडला, उजेड पडल्या पडल्या ओळखलं मी हिला. चापावर बोटसुद्धा नव्हतं. आणि मुळात रिकामी होती. आत्ताही रिकामीच आहे, बघ उघडून.

मिस्त्री : बघितली मघाशी. रिकामी आहे.

वडील : मग? रिकामी बंदूक, ओळखीचं माणूस. कशाचा एवढा तमाशा?

मुलगी : ओळखलं होतंत मला?

वडील : स्वतःच्या पोरीला ओळखणार नाही? उजेड केवढा पडतो त्याचा!

मिस्त्री : तो मात्र पडतो. तीन टॉर्च बदलले ह्यांनी माझ्याकडून. पहिला नको, मंद आहे. दुसरा नको, ह्याहून जोरात नाही का? हा तिसरा. मी भिंतीवर मारून दाखवला तर माझेच डोळे दिपले, आणि हे म्हणतात, "ठीक आहे, चालवून घेतो."

वडील : तू गप्प बस. तुझा धंदा आहे, चांगल्या मालाला वाईट कशाला म्हणशील.

मुलगी : बाबा, इकडे बघा. मला ओळखलं होतंत तर ओरडलात कुणावर?

वडील : तुझ्यावरच. दम दिला जरा. पुढच्या वेळी कडी वाजवायची आठवण राहावी म्हणून.

मुलगी : काय म्हणालात तुम्ही?

वडील : काय म्हणालो? कोण आहे म्हणालो.

मुलगी : त्याच्यानंतर.

वडील : मला काय पाठ आहे?

मुलगी : मला पाठ आहे. त्या उजेडामागे मला काही दिसत नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही. नुसता तो पांढरा गोळा आणि तुमचा आवाज. बँकेतला. "कोण आहे? टाक खाली. खांद्यावरचं खाली टाक, नाहीतर उडवीन."

मिस्त्री : काका, असं म्हणालात?

वडील : म्हणालो असेन. दम द्यायचा तर नीट द्यायला हवा.

मुलगी : मी टाकलं नाही. तर दुसऱ्यांदा म्हणालात. आणखी मोठ्यांदा. "बाबा" एवढंच म्हणायचं होतं, एवढंसं, ते निघेना.

वडील : निघालं ना शेवटी? निघाल्याबरोबर खाली केली मी.

मुलगी : आवाजावरून.

वडील : काय आवाजावरून?

मुलगी : आवाजावरून ओळखलंत मला. उजेड केव्हाचा होता माझ्यावर. मी त्या उजेडात उभी होते, भिंतीला पाठ लावून, आणि तुम्ही मला खाली टाकायला सांगत होतात.

वडील : अगं, ओळखलं होतं म्हणतोय ना! किती वेळा सांगू?

मुलगी : मग सांगा, काय होतं माझ्या खांद्यावर?

वडील : आता हे काय नवीन?

मुलगी : सोपं आहे. ओळखलंत, दिसत होते मी, लख्ख उजेडात. काय होतं?

वडील : काय असणार? कामावरचं. तुझ्या त्या लाँड्रीतलं. गाठोडं.

मुलगी : गाठोडं.

वडील : आणतेस ना कधीकधी घरी, इस्त्रीला. पांढऱ्या चादरीत बांधलेलं. आधी मला पोतं वाटलं, म्हटलं गोदामातलं काहीतरी... नाही म्हणजे, लगेच कळलं गाठोडं आहे ते. मग? चुकलं काय माझं?

मुलगी : ठकी होती, बाबा.

मिस्त्री : अगं आई गं.

वडील : कोण?

मुलगी : ठकी. तुमची नात. तिला ताप भरला म्हणून पाळणाघरातून लवकर आणली. रडून रडून नुकती झोपली होती माझ्या खांद्यावर. पांढऱ्या शालीत गुंडाळलेली. जागी होऊ नये म्हणून कडी वाजवली नाही. म्हणून हाक मारली नाही.

वडील : ठकी त्या वेळेला पाळणाघरात असते.

मुलगी : नव्हती.

वडील : पण तू सांगितलं नाहीस! काल नाही, आज सकाळी नाही. एवढा वेळ गाडीत शेजारी बसलीस, चकार शब्द नाही!

मुलगी : कसं सांगू? काल तुम्ही दिवा बंद केलात, पुन्हा अंधार. मी तशीच खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, तुम्हाला दिसली असेल ती. दाराबाहेरून नुसतं रिकामी होती म्हणालात; मला वाटलं, ठकीबद्दल एक शब्द तरी बोलाल. रात्रभर वाट बघत होते मी. आणि सकाळी तुम्ही काय म्हणालात? "कडी वाजवायची विसरू नकोस." मला वाटलं, माझ्या बापाला आपल्या नातीवर बंदूक रोखल्याचं काहीच वाटत नाही! चीड आली मला तुमची. इतकी चीड मला आजवर कुणाची आली नव्हती. बंदूक उचलली आणि म्हटलं, चला. आत्ता तुम्ही गाठोडं म्हणालात ना, तेव्हा कळलं मला.

मिस्त्री : ठकी बरी आहे ना आता?

मुलगी : ताप उतरलाय. शेजारणीकडे ठेवून आलेय. तिला काही माहीत नाही. तिने डोळासुद्धा उघडला नाही.

मिस्त्री : काका, बसा तुम्ही. ह्या स्टुलावर. इकडे, इकडे. तो डबा आहे तेलाचा.

वडील : धरू नकोस मला.

मिस्त्री : बरं, नाही धरत. पण बसा.

वडील : मिस्त्री, हे घे.

(वडील खिशातून दोन काडतुसं काढून काउंटरवर ठेवतात.)

मिस्त्री : ही कुठली?

वडील : हिच्यातली.

मिस्त्री : कधी काढलीत?

वडील : काल. ही खोलीत गेल्यावर.

मिस्त्री : म्हणजे काल त्या वेळी आत होती? दोन्ही? काका, तुम्हाला विचारतोय मी! दोन्ही आत होती?

वडील : होती.

मुलगी : रिकामी म्हणालात तुम्ही. रात्री दाराबाहेरून म्हणालात, आत्ता इथे म्हणालात. रात्री तर ठकीची शपथ घेतलीत!

वडील : म्हणालो.

मिस्त्री : माझ्या दुकानात उभं राहून मला खोटं सांगितलंत तुम्ही! माझे वडील तुमचं नाव घेऊन मला शिकवायचे, बंदूक सांभाळावी तर ह्यांनी. आणि मी मूर्ख, "काका म्हणतात ना, मग ठीकच असणार" म्हणून वर दिवा लावून दिला! काही झालं असतं काल, तर ह्या हातांनी मी पुन्हा काही करू शकलो असतो का? बोला ना!

वडील : ओरड. तुझं बरोबर आहे.

मिस्त्री : बरोबर आहे म्हणून नका सांगू मला! काढतो हा टॉर्च. आणि दुसऱ्या कुठल्या दुकानात जाऊन बसवून घेतलात ना, तर याद राखा.

वडील : नुसता टॉर्च नको काढूस. बंदूकपण ठेवून घे. कायमची. जे काही लिहून द्यायचं असेल ते देतो, हिला दाखव कुठे सही करायची, ही बोट ठेवेल.

मुलगी : बोट कशाला ठेवू? तुम्हाला कागद दिसत नाही?

वडील : अक्षरं फार बारीक असतात त्यांची.

मुलगी : बाबा, कधीपासून?

वडील : दिसतं. अगदीच दिसत नाही असं नाही. धुरातून बघितल्यासारखं. सकाळी जरा बरं असतं. मला वाटलं... मला वाटलं, उजेड कमी पडतोय.

मुलगी : मी डॉक्टरकडे चला म्हणाले तेव्हा माझ्यावर खेकसलात. "नंबर वाढलाय नुसता."

वडील : डॉक्टर परवान्यावर लिहील म्हणून. बंदूक गेली की मी कोण गं? दारात बसलेला म्हातारा. पेपरसुद्धा न वाचणारा.

मुलगी : आमचे कोणीच नाही का तुम्ही? ठकीचे कोणी नाही?

वडील : आता कुठल्या तोंडाने सांगू, की आहे? तिला मी गाठोडं म्हणालो. एवढा मोठा दिवा तिच्यावर धरून, भरलेली बंदूक धरून, टाक खाली म्हणालो.

मुलगी : रडू नका. बाबा, ऐका ना, रडू नका तुम्ही. तुम्ही रडलात की मला रागावता येत नाही, आणि मला अजून खूप रागवायचंय तुमच्यावर.

मिस्त्री : ताई, सुटला हा टॉर्च. घेऊन जा. मागच्या दाराशी खिळ्याला अडकवा. लाइट गेली की कडी दिसायला होईल.

मुलगी : द्या. आणि मघाशी तुम्हाला बोलले ते...

मिस्त्री : ते राहू दे. ते मला लागूच होतं. तुम्ही डॉक्टरचं बघा.

मुलगी : इथूनच जातोय. घरी नाही. ऐकलंत बाबा? इथून सरळ डॉक्टर. एक शब्द ऐकून घेणार नाही मी. आणि जे असेल ते खरं सांगायचं त्यांना. तिथे थाप मारलीत, तर भर दवाखान्यात तमाशा करीन.

वडील : नाही मारत.

मुलगी : आणि गाडीत मी बोलणार आहे. सगळं बोलणार आहे. तुम्ही तोंड फिरवून बसायचं नाही.

वडील : बोल. पोटभर बोल. आधी हात दे मला... इथेच कुठेतरी पायरी आहे ना गं?